माझी पकड सैल नव्हती

मित्रांनो, केरूबाबांच्या हाताखाली मी शेवटचं काम केलं तो रविवार अगदी साधा होता. पूर्णगडच्या त्यांच्या पडवीत मशीन गुरगुरत होतं, आत चुलीवर बांगड्याचं कालवण होतं आणि गावच्या बुद्धविहारासाठी पुस्तकांचं कपाट आकाराला येत होतं.

मी त्यांच्या राउटर मशीनमधला कोलेट. अंगठ्याच्या पेराएवढं पोलादी नळकांडं. लाकडात खोबणी आणि नक्षी कापणारं जे पातं असतं, सुतार ज्याला बीट म्हणतात, ते मी धरून ठेवतो. कारखान्यात मला कातलं, भट्टीत तापवलं, तेलात बुडवलं आणि अंगाला उभ्या चिरा दिल्या. त्या चिरा म्हणजे माझा दोष नव्हे. वरचा नट आवळला की त्यांच्यामुळेच मी आकसतो आणि मिनिटाला वीस हजार फेरे घेणारं बीट जागचं हलू देत नाही.

अकरा वर्षं मी केरूबाबांकडे होतो. रोज संध्याकाळी ते मला काढून आतला भुसा झाडत. रिकामा असताना मला कधी आवळत नसत. बीट बसवताना आधी तळाला टेकवायचं, मग भाताच्या दाण्याच्या जाडीएवढं वर उचलायचं आणि मग दोन पान्यांनी नट आवळायचा. "जरा जागा ठेव, म्हणजे तो नीट धरतो," असं ते मुलीला, दीप्तीला, सांगत.

दीप्ती रत्नागिरीत नोकरी करायची आणि रविवारी मदतीला यायची. त्या रविवारी तिला लवकरची एसटी गाठायची होती. तिने भुसा न झाडता बीट तळापर्यंत ढकललं आणि एकाच पान्याने नट फिरवला. केरूबाबा दाराच्या फळीवर नक्षी काढू लागले आणि बीट खाली सरकलं. फणसाच्या त्या फळीत खोल चर पडला.

तेवढ्यात शेजारच्या सोनूबाई डोकावल्या.

"काय रे केरू, ही नक्षी की उंदराचं बीळ?"

दीप्ती पाठ फिरवून बॅग भरू लागली.

"कोलेट झिजला गो," केरूबाबा हसले. "म्हातारा झाला, माझ्यासारखा."

"मग दोघांनाही भंगारात घालूया!"

सोनूबाई गेल्यावर केरूबाबांनी मला काढलं. बिटाच्या दांड्याला चिकटलेला भुसा नखाने खरवडला आणि बॅग भरणाऱ्या दीप्तीकडे एकदा पाहिलं. मला स्वच्छ पुसून त्यांनी पुन्हा जागेवर बसवलं. झिजलेल्या वस्तूला कोणी इतकं पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर त्यांच्या छातीत कळ आली. ते तिथेच गेले.

तीन महिने मी मशीनमध्ये तसाच होतो. खाऱ्या हवेने अंगावर तांबूस ठिपके आले. मित्रांनो, काम नसलं तरी हत्यार पुसून ठेवत जा. आणि चूक कोणाची हे तपासल्याशिवाय त्याला बाद ठरवू नका. मी बाद नव्हतो, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मग एका रविवारी दीप्तीने मशीन उघडलं. रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन तिने माझी एकेक चीर साफ केली. फणसाची एकच फळी उरली होती. तिने बीट तळाला टेकवलं, किंचित उचललं, दोन पाने लावले. मी धरलं. पहिल्या कापापासून शेवटच्या वळणापर्यंत ते केसभरही हललं नाही.

दार भिंतीला टेकवून ती घाम पुसत होती, तेव्हा सोनूबाई आल्या. नक्षीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"केरूच्याच हातचं वाटतं गो! नवा कोलेट आणलास ना? बरं केलंस. जुना झिजलेला, केरूच बोललेला."

दीप्तीने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. खरं ठाऊक असलेलं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं.

"झिजला नव्हता, आत्ये," ती मोठ्याने म्हणाली. "त्या दिवशी बीट मी बसवलं होतं, घाईत. बाबांना कळलं होतं. तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मी गप्प बसले."