मेंढरांची हाक

मी आता कुणाला भीत नाही. वक्तृत्वाची ढाल जिंकल्यापासून तर मुळीच नाही! मुख्याध्यापकांसमोरसुद्धा माझा आवाज कापत नाही.

फक्त आमच्या आप्पांपुढं पंचाईत होते. त्यांनी लहानपणी मेंढरं राखली, आता वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर आहेत. मशीनच्या धडधडीनं कान मंदावलेत, म्हणून बोलतात ते ओरडूनच. आणि लांबून मला बोलवायचं असलं की नाव घेत नाहीत. मेंढरांची हाक घालतात.

काल मला क्लासहून न्यायला आले, तेव्हा क्रांती चौकात घातली. क्लासच्या सगळ्या पोरींसमोर! "हुर्रर्र ह्योऽऽ!" एका रिक्षावाल्यानं तर ब्रेकच मारला.

"कुणाची मेंढरं सुटली गं?" अरफा म्हणाली. सगळ्या हसल्या. मी पण हसले. सगळ्यांत जोरात.

घरी आल्यावर आप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "उद्यापासून रस्त्यापलीकडं थांबा. अन् ओरडू नका. मला लाज वाटते."

"व्हय," ते म्हणाले. इतकं हळू, की दुसरंच कुणी बोलल्यासारखं वाटलं.

आज क्लास उशिरा सुटला. बघते तर आप्पा पलीकडं उभे, पाठमोरे. माझ्या मैत्रिणींना तोंड दिसू नये म्हणून भिंतीकडं बघत होते.

"आप्पा!" मी ढालवाला आवाज लावला. हॉर्नमध्ये कुठल्या कुठं गेला. त्यांनी घड्याळ पाहिलं, गाडीला किक मारली. मी मैत्रिणींबरोबर निघून गेले, असंच त्यांना वाटलं असणार.

"प्रांजली, ते तुझे अब्बा ना?" अरफानं विचारलं. "अगं, चालले ना ते!"

काल हसली होती तीच अरफा. माझे गाल तापले, कान तापले. मी दोन्ही हात तोंडापाशी धरले.

"हुर्रर्र ह्योऽऽ!"

अख्खा चौक वळला. आप्पापण वळले.

मी रस्ता ओलांडून त्यांच्याजवळ गेले, पण मला वर बघवेना. "आप्पा, काल मी..."

"घसा आवळतीस तू!" ते चौकभर ऐकू जाईल असं ओरडले. "असल्या हाकेनं मेंढरं येत नसत्यात, पळत्यात!"

पलीकडं पोरी खिदळत होत्या. 'हळू बोला ना' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मागं बसले, त्यांच्या ऑइलच्या वासाच्या शर्टात तोंड खुपसलं. गाल अजून तापलेलेच होते.

"मग शिकवा की नीट!" मी त्यांच्या कानाशी ओरडले.