आबांचा आवाज आणि मी, मिरजगावचा कर्णा

मी एक जुना कर्णा आहे. कोणी मला भोंगाही म्हणतं. मिरजगावच्या पेठेत खुर्शीदभाईंचं मंडप आणि साउंडचं दुकान आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर मी खिळ्याला टांगलेला असतो. अंगावरचा राखाडी रंग उडाला आहे, कडेला पोचा पडला आहे आणि नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आहे. हसू नका मित्रांनो, एके काळी अख्खा तालुका माझ्याकडे मान वर करून बघायचा.

मी पत्र्याचा. कारखान्यात ठोकून, वाकवून, रंगवून मला नगरच्या एका दुकानात पाठवलं. तिथून खुर्शीदभाईंनी मला एसटीच्या टपावरून मिरजगावला आणलं. सुरुवातीला मी लग्नात वाजलो, कुस्त्यांच्या फडात वाजलो, हरवलेल्या म्हशीची दवंडीसुद्धा दिली. मग एका निवडणुकीत मला जीपच्या टपावर दोरीनं आवळलं आणि सूर्यभानआबांची माझी गाठ पडली.

आबा उंच, काटकुळे, सरपंचकीतून वर येऊन आमदारकीला उभे राहिलेले. माणूस सोन्यासारखा, पण बोलताना अडखळायचे. शब्द ओठाशी येऊन अडायचा, मान हलायची, डोळे मिटायचे. पुढाऱ्याला हे कसं चालावं? पहिल्याच सभेत ते ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणायला उभे राहिले आणि ‘ब’वरच थांबले. मी तो एकच ‘ब’ चारी दिशांना फेकत राहिलो. लोक फिदीफिदी हसले. मला माझ्या मोठ्या आवाजाची तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

तेवढ्यात पुढं बसलेली केशरबाई उठली. ती ऊसतोडीला जाणारी बाई, हातावर कोयत्याचे घट्टे.

“आबा, तुमी बसा,” ती म्हणाली. “तुमाला न्हाई जमत तर आमी बोलतो. तुमी ऐका.”

खुर्शीदभाईंना वाटलं, आता आबा चिडणार. पण आबांनी खरंच माईक उचलला, खाली उतरले आणि तिच्या हातात दिला. स्वतः समोर मातीत बसले.

केशरबाई बोलली. दिवाळीच्या तोंडावर तोडणीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक येतो. त्यात भांडी चढतात, कोंबड्या चढतात आणि नात चढते. नात ज्ञानेश्वरी चौथीत हुशार, पण सहा महिने उसाच्या फडात पाचटाच्या कोपीपुढं धाकट्या भावाला सांभाळते. परत येते तोवर परीक्षा झालेली असते. “हिचं काय करायचं, ते सांगा मंग मत मागा,” ती म्हणाली आणि माईक परत दिला.

त्या दिवसापासून आबांच्या सभेची तऱ्हाच बदलली. गावात जीप थांबली की माईक लोकांकडे जायचा. लोक हसायचे, भांडायचे, रडायचे, आणि आबा ऐकायचे. ते निवडून आले तेव्हा भलेभले चकित झाले.

मुंबईच्या सभागृहात मी काही गेलो नाही. पण खुर्शीदभाई सांगतात, आबांनी तोडणीवाल्यांच्या पोरांचा प्रश्न उभा राहून विचारला, तेव्हा एक वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला. आधी खसखस पिकली, मग सगळे गप्प झाले. उत्तर गोलमाल आलं. आबांनी पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्याच्या पुढच्याही.

सरकार हलेपर्यंत वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गावच्या शाळेत वसतिगृह सुरू केलं. आईबाप तोडणीला गेले तरी पोरं गावातच राहतील, शाळेत जातील. चुलीपुढं उभ्या राहिल्या त्यांच्या पत्नी, रंगुबाई. आमदारीणबाई म्हणून मिरवायच्या वयात त्या पोरांच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या. पुढं सरकारची मंजुरी आली, इतर गावांतही अशी वसतिगृहं निघाली.

पण सगळ्यांनाच हे रुचलं नाही. थोरली पोर वसतिगृहात राहिली तर फडात तान्ह्याला कोण बघणार, म्हणून बायका तोडणीला जायला कुरकुर करू लागल्या. मुकादमांचं गणित बिघडलं. मुकादमांच्या मागं मोठी माणसं होती आणि त्या माणसांच्या हातात मतं.

दुसरी निवडणूक आली. मिरजगावच्या बाजारतळावर शेवटची सभा होती. मी खांबावर होतो, मला सगळं दिसत होतं. पक्षाचे एक वरचे नेते आबांच्या कानाशी वाकले. “एवढंच म्हणा, वसतिगृहाचं निवडणुकीनंतर बघू. बाकी आम्ही सांभाळतो.”

आबा माईकपुढं आले. डोळे मिटले.

“प... पोरं...” ते म्हणाले. नेत्यांनी हात जोडले. “पोरं शाळंतच शिकतील.”

टाळ्या कडाडल्या. पण टाळ्या वाजवणाऱ्यांतले बरेच जण मतदानादिवशी दुसरीकडे वळले. आबा पडले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दुकानात हजर. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. “खुर्शीद, कर्णा बांध.”

“आबा, मिरवणूक जिंकलेल्याची असती,” खुर्शीदभाई म्हणाले.

“मला म... मिरवायचं न्हाई. सांगायचं हाय.”

मित्रांनो, हरलेल्या माणसाची जीप गावोगाव फिरताना मी पहिल्यांदा पाहिली. लोक दारात येऊन बघत होते. काहींनी माना खाली घातल्या. आबा प्रत्येक वेशीवर तेच सांगत होते, अडखळत, घाम पुसत. “मी हरलो. वसतिगृह हरलं न्हाई. प... पोरांना नेऊ नका.” त्या दिवशी एकही माणूस हसला नाही. मी आयुष्यात पुष्कळ आवाज पोहोचवले, पण इतका जपून कुठलाच पोहोचवला नसेल. त्या हंगामात बरीच पोरं मागं राहिली.

त्यानंतर आबा पुन्हा उभे राहिले नाहीत. दाखल्यासाठी, दवाखान्यासाठी, बदलीसाठी लोक त्यांच्याकडे येतच राहिले. माझे दिवस मात्र फिरले. डीजेच्या भिंती आल्या. माझा आवाज लोकांना पत्र्यावर खडे टाकल्यासारखा वाटू लागला. खुर्शीदभाईंनी मला भंगारात दिलं नाही, एवढीच त्यांची कृपा.

यंदा उन्हाळ्यात आबा गेले. श्रद्धांजलीची सभा बाजारतळावरच झाली. माणसांपेक्षा मोठे स्पीकर लागले होते, त्यामुळे मला भिंतीवरूनही सगळं ऐकू आलं. एक पुढारी म्हणाले, “आबांच्या फर्ड्या वाणीनं तालुका गाजवला.” दुसऱ्यांनी त्यांना ‘सभागृहातला सिंह’ म्हटलं. गर्दीत कुठेतरी खाकरल्याचा आवाज आला.

काही दिवसांनी रंगुबाई दुकानात आल्या. खुर्शीदभाईंनी खुर्ची पुसून दिली.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “परवा सभेत ज्याचं कौतुक चाललं हुतं, तो मानूस कोन, मला वळखूच आला न्हाई. त्यांचा आवाज कुटं हाय का तुमच्याकडं? मला ऐकायचाय.”

खुर्शीदभाईंनी मोबाईल चाळला. फोटो होते, पुष्कळ होते. व्हिडिओही होते, पण प्रत्येकावर कुणीतरी गाणं चढवलं होतं. आबांचे ओठ हलत होते आणि वाजत होतं भलतंच. खुर्शीदभाईंनी मोबाईल पालथा ठेवला आणि मला खाली काढून मांडीवर घेतलं. “वहिनी, ह्याच्यातनं बोलायचे.”

रंगुबाईंनी माझ्या तोंडात हात घातला. मी काय देणार? आवाज माझ्यातून जातो, थांबत नाही. पत्रा असण्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं.

खुर्शीदभाई माझ्या कडेची धूळ बाहीनं पुसत राहिले. मग म्हणाले, “एक सांगू? रागावू नका. ‘र’ हे अक्षर आबांना सगळ्यात जड जायचं. सभेहून परतताना कर्ण्याची मशीन बंद असायची, जीपमध्ये आम्ही दोघंच. तेव्हा ते तुमचं नाव म्हणून बघायचे. ‘र... र...’ करत. वाटभर.”

रंगुबाईंनी माझ्या तोंडातून हात काढला. “जन्मभर मला ‘अगं’ म्हनत आले. मला वाटलं, पुरुषाची जात, न्हाई घेत बायकूचं नाव.” त्या पुढं सरकल्या. “मंग, जमलं का कधी?”

“एकदा जमलं. कर्जतहून येताना. स्वच्छ म्हणाले, ‘रंगू.’ मला म्हणाले, ‘खुर्शीद, ग... गाडी पळव. घरी जाऊस्तवर टिकलं पाहिजे.’”

“आन् मंग?”

“तुमचं घर येईस्तवर पुन्हा अडकलं.”

रंगुबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. खरं होतं ते. मी तेव्हा टपावरच होतो, मशीन बंद असली तरी.

मित्रांनो, मला पुन्हा खांबावर चढवा, असं मी म्हणत नाही. माझा काळ सरला. पण तुमच्या घरात कुणी हळू बोलत असेल, कुणी अडखळत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. त्याच्यावर तुमचं गाणं चढवू नका. त्याला वेळ द्या, आणि तो शब्द बाहेर येईपर्यंत जवळ बसून राहा.