अ‍ॅम्प्लिफायरमध्ये अडकलेले अप्पा

बैठकीच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग, खिडकीत डोकी, सोफ्याच्या हातांवर शेजारणी, आणि सगळ्यांचे कान एकाच दिशेला, अप्पांच्या स्टिरिओकडे. अप्पा गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन्ही स्पीकर सारखे कण्हत होते. घूंऽऽऽ. ना ताल, ना सूर, नुसतं घूंऽऽऽ.

"ऐकलंत?" आवाजातून आत्मे ओळखणाऱ्या नादबाबांनी डोळे मिटले. "सात सूर माणसांचे. हा आठवा! तुमचे अप्पा या पेटीत अडकलेत हो, आणि कळवळताहेत. आता माउली, लावा हात!"

आईनं एक हात रेकॉर्ड प्लेयरच्या धातूच्या दांडीवर ठेवला आणि दुसरा अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीवर. आवाज झटकन बंद. "अहाहा!" गर्दीनं सुस्कारा सोडला. सोफ्यावरची एक बाई तर रडायलाच लागली, आणि ती अप्पांना ओळखतही नव्हती.

अप्पांची थोरली मुलगी हे सगळं दारातून बघत होती. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवायची. उद्या सकाळी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती आली होती. 'आता उशीर कराल तर डोळा हातचा जाईल,' असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

"आई, बॅग भरलीस का?"

"कशी भरू गं? हात कुठं मोकळे आहेत?" आई म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, खांदे उतरले होते. मावशी तिला बशीनं चहा पाजत होती. "हात काढला की हे कण्हतात. रात्री बसल्या बसल्या डुलकी लागते, हात निसटतो, आणि पुन्हा ते सुरू. बाई गं, ऐकवत नाही मला."

"मग बंद कर ना ते!"

सगळी खोली तिच्या अंगावर धावून आली. "बंद?" नादबाबा दचकून उठले. "बटण दाबशील तर बापाचा गळा दाबशील! आणि दुसऱ्या कुणाचा हात लागला तर जीव कायमचा आत! फक्त पत्नीचा हात, नाहीतर आमचा. म्हणूनच म्हणतो, पेटी आमच्याकडे न्यावी. स्पीकर पण. वायरी पण. तो रिमोटही द्या, त्यातही थोडे असतील."

थोरलीला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो आवाज ऐकून तिलाही क्षणभर अप्पांचं शेवटच्या दिवसांतलं कण्हणं आठवलं होतं. मग तिला स्वतःचाच राग आला.

"काका, इकडे या," ती म्हणाली.

काका म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ. एका कपाटावरून भांडण झालं, आणि अप्पा जाईपर्यंत त्यांनी या घराचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांच्या पुण्याईबद्दल घरात कुणाचाही गैरसमज नव्हता.

"मी? छे छे! माझ्यामुळं अडकला म्हणजे?"

"सगळं माझ्यावर. आई, तू हात काढ."

घूंऽऽऽ. काकांनी डोळे गच्च मिटून दोन्ही हात ठेवले. आवाज बंद! काका आपल्या हातांकडे बघतच राहिले. "अरेच्चा! मी इतका चांगला आहे?"

"रक्ताचं नातं!" नादबाबांनी लगेच टोपी फिरवली.

"बरं." थोरली स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलचा लांब डाव घेऊन आली. काकांना तिनं बाजूला केलं आणि डावाचं एक टोक दांडीला, दुसरं पेटीला टेकवून ठेवलं. काकांचे हात निघताच सुरू झालेलं घूंऽऽऽ पुन्हा बंद. अप्पांना डावही चालत होता.

"डाव माउलींच्या रोजच्या हातातला," नादबाबांना घाम फुटला. "त्यांचं पुण्य त्यात उतरलंय."

"मग झालं तर! आई, डाव बसेल इथं. तू ऊठ."

कुणीतरी फिसकन हसलं. पण आई उठेना. थोरलीनं स्विचकडे हात नेला, तशी आईनं तिचं मनगट धरलं. "नको गं. त्यांना काही झालं तर?" थोरलीनं ते हळूच सोडवलं. तिनं बटण दाबलं.

पेटीवरचा दिवा विझला. कुणाचा गळा दाबला गेला नाही. थोरलीनं स्टिरिओखालचं कपाट पुढं ओढलं, मागं वाकली आणि एक बारीक वायर वर काढून सगळ्यांना दाखवली.

"ही प्लेयरच्या अर्थिंगची वायर. ही पेटीमागच्या स्क्रूला लागते. सुटली की विजेची घरघर स्पीकरमधून येते. मग दोन्हीकडे हात टेकवला की माणूसच वायर होतो. काका होतात, डाव होतो, नादबाबाही होतात. कपाट कुणी हलवलं होतं?"

"मीच सरकवलं," मावशी हळूच म्हणाली. "भेटायला येणाऱ्यांना बसायला जागा नको का?"

"म्हणून अप्पा गेल्यावर आवाज आला. अप्पांमुळं नाही, आपल्या खुर्च्यांमुळं."

तिनं वायर आवळली, बटण चालू केलं. स्पीकर गप्प. हात नाही, डाव नाही, काही नाही. नादबाबा चपलांच्या ढिगात स्वतःची जोडी शोधत होते.

"इतकी माणसं जमलात," थोरली गर्दीला म्हणाली, "पण मागं वाकून बघावं असं एकालाही वाटलं नाही? हात जोडायच्या आधी एकदा बघा, विचारा, करून पाहा. तेवढ्यानं कुणाचा देव रागावत नाही. पण न विचारल्यानं माझ्या आईचा डोळा गेला असता."

आई अजून स्टुलावरच होती. "म्हणजे यात हे नव्हतेच?"

"नव्हते गं, आई."

"कधीच नाही? मी हात काढायचे तेव्हा त्यांना दुखत नव्हतं?"

"नाही. अप्पांना आता काहीच दुखत नाही."

आईनं दोन्ही हात मांडीवर घेतले आणि अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "चल, बॅग काढ."