अभिनंदन न करणारा फोन

"आयसीयूतनं खाली नेलं म्हणत्यात. खाली म्हंजी कुठं?"

"कुणाला?" उत्तरेश्वरने विचारलं.

"भावाला. सोनबाला. गेला तो आत्ता."

काउंटरपलीकडचा आवाज लोणी काळभोरकडचा होता, कोरडा, घाईत नसलेला. उत्तरेश्वर म्हणाला, "तुमच्या डाव्या हाताला बाक आहे. आधी बसा. मी विचारून सांगतो." आणि आज खालच्या मजल्यावर ड्यूटी कुणाची आहे हे बघायला त्याने फोन हातात घेतला, बटण दाबलं, आणि

*जाहिरात. अभिनंदन! आपली निवड झाली आहे. आत्ता खेळा. बटण.*

आणि काउंटरभोवतीची सगळी माणसं गप्प झाली.

"काय म्हनला?" तो माणूस म्हणाला.

"मी नाही, फोन..."

"अभिनंदन?"

उत्तरेश्वरला बोलायचं होतं. पण एवढ्यात स्क्रीन मिटून पुन्हा उजळली असावी, कारण फोनच बोलला,

*चित्र. नाव नाही. दोन मिनिटांत कर्ज. बटण.*

चपला लांब गेल्या. डावीकडच्या बाकाकडे नाही, दाराकडे.

उत्तरेश्वरला जन्मापासून दिसत नाही. सोलापूर रस्त्यावरच्या एका रुग्णालयात तो टेलिफोनचा बोर्ड सांभाळतो आणि समोर येणाऱ्यांना कुठे जायचं ते सांगतो. परंड्याहून पुण्यात आला तेव्हा त्याला ऑक्सिजनच्या नळकांड्यांशेजारच्या खोलीत बसवलं होतं. तिथे फक्त फोन वाजायचे. आपल्याला काउंटर द्या, असं त्याने तीन वेगवेगळ्या मॅनेजरांना सांगितलं. तिसऱ्याने दिलं. तेव्हापासून त्याची एक पद्धत आहे. रस्ता सांगताना तो जिना, लिफ्ट, वळण तर सांगतोच, पण तिथे बसायला कुठे मिळेल तेही सांगतो. आकाशवाणीसारखा आवाज आहे, असं लोक म्हणतात. पण लोकांच्या लक्षात राहतो तो बाक.

त्याच्या एका कानात बोर्डाचा हेडफोन. दुसरा कान समोरच्या माणसासाठी. मोबाईलसाठी तिसरा कान देवाने दिलेला नाही, म्हणून मोबाईल काउंटरवर, हाताशी, हळू आवाजात बोलत असतो. बोटाखाली जे येईल ते तो टॉकबॅक नावाच्या सोयीने वाचून दाखवतो. डॉक्टरांच्या ड्यूट्या, वॉर्डांचे नंबर, बदललेल्या खोल्या, सगळं त्यात. जुना फोन पडून फुटला म्हणून गेल्या महिन्यात नवा घेतला, स्वस्तातला. त्याच्या बंद स्क्रीनवर कंपनी जाहिराती टाकते. बघणारा माणूस त्या बोटाने सरकवून विसरून जातो. उत्तरेश्वरचा फोन त्या

*आपल्या राशीत आज धनलाभ. बटण.*

वाचून दाखवतो.

शर्मिला मॅडम दुपारी आल्या. त्या स्वागतकक्षाच्या प्रमुख, सदाशिव पेठेतल्या. आवाज कधी चढत नाही.

"उत्तरेश्वर, आपल्या फोनला जगाबद्दल इतका आनंद वाटत असेल, तर त्याला घरी ठेवत चला."

"मॅडम, फोनशिवाय मला ड्यूट्या..."

"मला कळतं. म्हणून उद्याची सुट्टी घ्या आणि त्याचं काहीतरी करा. शुक्रवारी हा पुन्हा बोलला, तर बोर्ड आत हलवू. जुन्या खोलीत."

"नळकांड्यांच्या?"

"तीच रिकामी आहे." त्या थांबल्या. "मला आवडणार नाही ते. पण आज ज्यांचा माणूस गेला त्यांना मी काय सांगू? की मोबाईल स्वस्त होता?"

संध्याकाळी सर्व्हिस सेंटरमध्ये.

"काका, हे कंपनीचं आहे. निघत नाही."

"बंद?"

"केलं. पण तासाभरात आपोआप परत येणार. तुम्ही एक करा, आवाजच म्यूट करा ना. बेस्ट."

"आणि मग फोन वापरू कसा?"

फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज.

"अच्छा," तो मुलगा म्हणाला. "अच्छा, सॉरी. तसं असेल तर स्क्रीनकडे बघायचं नाही."

उत्तरेश्वरला इतकं मोठ्याने हसू आलं की दुकानातलं एक लहान मूलही हसलं.

नम्रताचा आवाजी निरोप. ती खराडीत एका कंपनीत ॲप तपासते. तिलाही दिसत नाही. पुण्यातल्या पाहू न शकणाऱ्यांच्या ग्रुपवर फोनबद्दल काहीही अडलं की सगळे तिला विचारतात.

"काका, ऐका. तुम्हाला फोन रूट करावा लागेल. म्हणजे काय, आत्ता तुम्ही तुमच्याच फोनमध्ये पाहुणे आहात. हॉलमध्ये बसा, चहा प्या, पण आतल्या खोलीतलं काही हलवायचं नाही. रूट केलं की आतल्या खोल्याही तुमच्या. मग ते जाहिरातवालं

*फक्त आज! ऐंशी टक्के सूट. बटण.*

मुळापासून काढता येतं. पण तीन गोष्टी. एक, त्यासाठी आधी कंपनीचं कुलूप उघडायचं, आणि ते उघडताच फोन पूर्ण कोरा होतो. बॅकअप घ्या. दोन, बँकेची ॲप्स अशा फोनवर चालायला नकार देतात. तीन, मेन. कुलूप उघडताना फोन स्क्रीनवर विचारतो, खरंच उघडू का? आवाज वाढवायचं बटण म्हणजे हो, कमी करायचं म्हणजे नाही. त्या वेळी टॉकबॅक नसतो, काका. फोन पूर्ण मुका. मी येऊ का माझ्या मैत्रिणीला घेऊन? ती बघून सांगेल."

उत्तरेश्वरने निरोप पुन्हा ऐकला. मग बोलला, "नको. सगळ्या पायऱ्या पाठव. मी करतो."

गुरुवार. मांजरीतल्या त्याच्या घरी गुरुवारची वीज जाते तशी गेलेली. पंखा बंद, शेजारच्यांचा टीव्ही बंद. उत्तरेश्वर जमिनीवर मांडी घालून बसला. पुढ्यात लॅपटॉप, तो बोलणारा. लॅपटॉपला वायरने जोडलेला फोन. लागतील त्या फायली रात्रीच उतरवून ठेवल्या होत्या, बॅकअपही घेतला होता.

त्याची बायको मुक्ताई पलीकडे मेथी निवडत होती. तिलाही दिसत नाही. तिची बोटं काडी आणि पान इतक्या पटकन वेगळी करतात की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी कागद चाळतंय.

"अहो, राजनंदिनी कॉलेजातनं येईल चारला. ती वाचंल की स्क्रीन."

"पोरीने पहिलीपासून आपल्याला वाचून दाखवलंय. लाइट बिल, औषधाच्या तारखा, लग्नाच्या पत्रिका. आता एवढं तरी आपलं आपण."

"अन् बिघडला तर?"

"तर उद्या नळकांड्यांपाशी."

मुक्ताईची बोटं थांबली नाहीत. "मग बिघडवू नका," ती म्हणाली.

त्याने लॅपटॉपवर आज्ञा टाइप केली. एन्टर दाबलं.

लॅपटॉप: वाट पाहत आहे.

फोन:

उत्तरेश्वर: विचारतोय बहुतेक.

फोन:

मुक्ताई: काय म्हणतोय?

फोन:

लॅपटॉप: अयशस्वी. कुलूप बंद आहे.

तो चकित झाला. आपण वरचं बटण दाबलं होतं. हो, नक्की दाबलं होतं. मग हात पुन्हा त्याच जागी नेऊन, बोटांनी काय केलं ते त्याने हळूहळू आठवलं. आणि त्याला कळलं.

फोन गप्प झाला की त्याचे दोन्ही अंगठे आपोआप दोन्ही बटणांवर जातात. आवाज वाढवायचं आणि कमी करायचं, दोन्ही एकदम दाबून धरली की बोलणारं सॉफ्टवेअर जागं होतं. वर्षानुवर्षांची सवय. झोपेतून उठल्यावर, बसमध्ये, कुठेही. मुका फोन त्याच्या हातांना सहन होत नाही. फोनने विचारलं, खरंच उघडू का, आणि हातांनी एकाच वेळी हो आणि नाही सांगितलं. फोनने त्यातलं 'नाही' तेवढं ऐकलं.

पुन्हा आज्ञा. या वेळी उजवा अंगठा एकटा ठेवायचा, असं ठरवलं.

फोन:

डावा अंगठा गेलाच.

लॅपटॉप: अयशस्वी.

"काय होतंय?"

त्याने सांगितलं.

मुक्ताई उठली. ओला, मेथीचा वास असलेला हात त्याच्या खांद्यावरून दंडावर, दंडावरून मनगटावर आला. "हा डावा ना? द्या इकडं." तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मांडीवर घेऊन बसली, घट्ट, लग्नातल्यासारखा.

आज्ञा त्याने एका बोटाने टाइप केली.

लॅपटॉप: वाट पाहत आहे.

फोन:

डाव्या हाताने एकदा ओढ घेतली. मुक्ताईने सोडला नाही.

फोन:

उजव्या अंगठ्याने वरचं बटण दाबलं. फक्त वरचं.

फोन:

फोन:

लॅपटॉप: ओके.

आणि फोन थरथरला. एकदाच, लहान, हातात धरलेल्या चिमणीसारखा.

आता तो कोरा होणार होता. दोघं तसेच बसून राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग पुन्हा थरथर. "आता सोड," तो म्हणाला, आणि दोन्ही अंगठे हक्काने दोन्ही बटणांवर ठेवले. *टॉकबॅक सुरू*, फोन म्हणाला. ज्या सवयीने दोनदा घात केला, तिनेच त्याला बोलतं केलं.

पुढचं सगळं त्याने लॅपटॉपचं ऐकत, बोटांनी केलं. फोन सुरू होताना जी फाइल वाचतो ती बदलली, बदललेली परत चढवली, पुन्हा सुरू केला, परवानगी मागितली, दिली. एका आज्ञेवर तो अडला. ती पुन्हा ऐकली. त्यात एक रेघ राहिली होती. ती घातली. मग ते जाहिरातवालं शोधलं आणि काढलं. फोन बंद करून चालू केला. बटण दाबलं.

*दोन वाजून दहा मिनिटं.*

बस्स.

मुक्ताई म्हणाली, "अभिनंदन."

"तू सुरू करू नकोस आता."

चहानंतर त्याने बँकेचं ॲप पुन्हा चढवलं. उघडलं.

*या फोनमध्ये बदल केलेले आहेत. सुरक्षिततेसाठी ॲप बंद होत आहे.*

नम्रताने सांगितलं होतं. तरी ऐकायला वेगळं वाटलं. फोनवरून पैसे द्यायला लागल्यापासून भाजीवाला, रिक्षावाला, कुणाच्याही हातात त्याला पाकीट द्यावं लागलं नव्हतं. मोबाईलने सांगितलेली रक्कम तो ऐके आणि स्वतः दाबे. त्याचा त्याला फार अभिमान होता. घरात कुणाला सांगितला नव्हता इतका.

त्याने नम्रताला निरोप पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं. "काका, बँकेपासून रूट लपवायच्याही ट्रिक्स आहेत. चालतात, मग बंद पडतात, मग परत नवीन. करू या का?"

"नको गं," तो बोलला. "माझाच फोन, आणि त्यात मी चोरासारखा लपू?"

मग त्याने कपाटाच्या तळातून जुनं पाकीट काढलं. चामडं कडक झालं होतं. तो ते बराच वेळ हातात चुरत बसला, मऊ होईपर्यंत.

शुक्रवार. काउंटरवर जाण्याआधी.

गेटवरच्या तुळजाबाईंच्या टपरीवर त्याने नोट पुढे केली. "हे काय, आज स्कॅन न्हाई?" त्या म्हणाल्या, आणि सुटे पैसे एकेक करून, किती ते सांगत, त्याच्या तळहातावर ठेवले. तो उभा राहून ऐकत होता. विश्वास ठेवायचं त्याने पुन्हा सुरू केलं होतं.

सकाळभर बोर्ड वाजत राहिला. मोबाईल हाताशी होता. बटण दाबलं की वेळ सांगत होता, बोटाखाली येईल ते वाचत होता, नाहीतर गप्प.

शर्मिला मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "आज आपल्या फोनचं कुणाशी भांडण झालंय का?"

"हो. माझ्याशी."

"कोण जिंकलं?"

"अर्धं अर्धं, मॅडम."

 बोर्डाची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून त्यांनी ती काउंटरच्या आत सरकवली, आणि गेल्या.

दुपारी तो परवाचा आवाज आला.

"भावाचं सामान न्यायचं हाय. पिशवी अन् चष्मा. रंगराव, लोणीचा."

उत्तरेश्वरचा हात मोबाईलकडे गेला आणि मध्येच थांबला. समोरचा माणूसही थांबला असावा, कारण त्याचं बोलणं तुटलं.

उत्तरेश्वरने बटण दाबलं. फोनने हळूच वेळ सांगितली.

फोन:

फोन:

"रंगराव," तो म्हणाला, "परवा सांगायचं राहिलं. तुमचा भाऊ गेला, फार वाईट झालं. मला ते नीट सांगता आलं नाही."

 हेडफोनमध्ये बोर्ड वाजला. उत्तरेश्वरने तो वाजू दिला.

"आज गप हाय तुमचा फोन," रंगराव म्हणाले.

"हो."

"बरं हाय."

"सामान दुसऱ्या मजल्यावर मिळेल. लिफ्टमधून बाहेर आलात की उजवीकडे. वेळ लागला तर खिडकीखाली बाक आहे."

रंगराव लगेच गेले नाहीत. बोलता बोलता उत्तरेश्वरच्या हाताने मोबाईल काउंटरच्या कडेला ढकलला गेला होता. तो रंगरावांच्या हाताने उत्तरेश्वरच्या बोटांपाशी सरकत आला, हळू, आवाज न करता, आणि नेहमीच्या जागी थांबला.