फुलवालीचं पळणं

"काकू, हे पाहा. हसून हसून पोट दुखन तुमचं," असं म्हणत रवीनं मोबाइल सिंधूताईंच्या डोळ्यांसमोर धरला.

सिंधूताई अंगणात बाजेवर उन्हाला बसल्या होत्या. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढल्याला वर्ष होत आलं होतं. रवी शेजारचा; धाड गावच्या बसथांब्यासमोर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं टपरीवजा दुकान. दुकानावर जाताना काकूंना जय भीम करायचा, इकडचं तिकडचं सांगायचा आणि निघायचा. पाय गेल्यापासून घरी येणारी माणसं चेहरा पाडून येत आणि चेहरा पाडून जात. रवी तेवढा हसत यायचा, म्हणून सिंधूताईंना तो बरा वाटे.

मोबाइलवर एक म्हातारी पळत होती. जपानी कार्टूनमध्ये असतं तसं गाव, उतरत्या कौलांची घरं, आणि मागे शिंगांचा एक राक्षस. म्हातारीची उजवी काख घट्ट आवळलेली, डाव्या मुठीत झग्याचा घोळ, मान पुढे काढलेली. डावा पाय ती चवड्यावर टाकायची आणि टाच टेकायच्या आत उचलायची. कोणा हौशी माणसानं त्याला हलगीचा ठेका जोडला होता, आणि पळणं त्या ठेक्यात चपखल बसलं होतं.

"थांब्यावरचे पोट्टे दोन दिवसापासून असेच पळून राह्यले," रवी म्हणाला.

सिंधूताई हसल्या नाहीत. "पुन्हा लाव," म्हणाल्या. रवीनं लावलं. त्यांनी डोळे बारीक करून शेवटपर्यंत पाहिलं.

"ही तं मी आहो."

"काय काकू तुम्ही बी!"

"जीपमांगं मी अशीच पळत होती. काखेत डबा, हातात लुगडं. हे मीच आहो, रवी."

रवीचं हसू ओठांवरच राहिलं. त्यानं एकदा मोबाइलकडे पाहिलं, एकदा लुगड्याच्या त्या सपाट पडलेल्या डाव्या बाजूकडे. मग त्याची नजर दाराकडे गेली. दारात समता उभी होती, सिंधूताईंची एकुलती एक मुलगी, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. ग्राहक खोळंबले असतील असं काहीतरी पुटपुटत रवी निघून गेला.

समता पुण्याच्या एका कंपनीत ॲनिमेटर होती. आईसाठी गेलं वर्षभर घरूनच काम करत होती. गावात कोणी विचारलं तर सिंधूताई सांगत, "कार्टूनमधल्या माणसाईले चालवते ते." आणि हे अगदी बरोबर होतं. मोठ्या परदेशी कंपन्या कॉम्प्युटरवरचे मोठे खेळ करतात. त्यातली बारीकसारीक, कोणाला नको असलेली कामं फिरत फिरत पुण्यात येतात. रवीच्या मोबाइलवरची म्हातारी हे त्यातलंच एक.

खेळ असा होता: एका गाजलेल्या ॲनिमेतलं, म्हणजे जपानी कार्टूनमधलं, गाव. इंटरनेटवरून आठ जणांनी एकत्र खेळायचं. त्यातला एक राक्षस होणार, बाकीचे सात साधी माणसं. शिंपी, टपालवाला, फुलं विकणारी म्हातारी. सगळं बळ राक्षसाकडे. बाकीच्यांकडे पळणं आणि लपणं. राक्षसावर मोठ्या लोकांनी काम केलं. फुलवाली समताच्या वाट्याला आली.

म्हातारं माणूस जिवाच्या आकांतानं कसं पळतं, हे तिला कुठं शोधायला जावं लागलं नाही. इंद्रभान, तिचे वडील, गेल्यापासून सिंधूताई बुलढाण्याच्या एका खासगी दवाखान्यात फरशी पुसायला जात. सकाळची जीप कोणासाठी थांबत नसे, सिंधूताईंसाठी तर नाहीच. दिवाळीच्या सुट्टीत समता घरी आली होती, तेव्हा एका सकाळी आई डबा काखेत मारून धावत सुटली आणि लेकीनं दारातूनच मोबाइलवर तिचं शूटिंग केलं. काय पळणं आहे, असं तिला वाटलं. ती खूश झाली होती, खोटं कशाला सांगा?

पुण्याला जाऊन तिनं त्या शूटिंगचे बारीक बारीक तुकडे केले आणि कितीतरी दिवस ते डोळ्यांत तेल घालून पाहिले. डावी टाच टेकत नाही, हे तिनं हेरलं. शरीराचा भार उजवीकडे कसा जातो, खांदा कसा पडतो, सगळं जसंच्या तसं फुलवालीत उतरवलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

टाच का टेकत नाही, हे मात्र तिच्या मनात आलं नाही. टाचेच्या भेगेत जखम झाली होती. अंगात शुगर होती. सांगितलं तर काम सुटेल, म्हणून सिंधूताई फडक्याची पट्टी बांधून दिवस काढत होत्या. दिवसभर डॉक्टरांच्या पायांखालची फरशी पुसायची आणि स्वतःचा पाय कोणाला दाखवायचा नाही, अशी ती बाई. पाय काळा पडला तेव्हा बोलल्या. तोवर तो काढण्याशिवाय इलाज उरला नव्हता.

खेळ बाजारात आला तो पाय गेल्यानंतर. आणि आल्या आल्या परीक्षणं लिहिणारे त्याच्यावर तुटून पडले. ॲनिमेच्या नावावर काहीही खपवतात, म्हणाले. ज्याला त्याला राक्षसच व्हायचं असतं, त्यामुळं पाळीसाठी ताटकळावं लागतं, म्हणाले. साध्या माणसांना मरेपर्यंत पळण्यावाचून काही कामच दिलेलं नाही, त्यात कसली आली मजा? हे वाचून समताला कसंनुसं हसू आलं होतं. पण बाकीची टीका निदान सगळ्यांची मिळून होती. फुलवालीची टिंगल तिच्या एकटीची होती. तेवढा एक तुकडा कापून लोकांनी जगभर फिरवला आणि तो फिरत फिरत धाडच्या थांब्यावर येऊन पोचला.

त्याच सकाळी तिच्या वरिष्ठ जयमाला मॅडमचा पुण्याहून फोन आला होता. मॅडम वाईट नव्हत्या. वाईट बातमी सांगायचं काम त्यांच्याकडे होतं.

"समता, त्या म्हातारीचं पळणं बदलायचंय. पुढच्या अपडेटमध्ये नवं जाईल, जुनं काढून टाकणार आहेत."

"मॅडम, एवढं एक राहू द्या. बाकी काहीही सांगा."

"अगं, क्लायंटनं दुरुस्त्यांच्या यादीत सगळ्यात वर तेच लिहिलंय. आपल्या अर्ध्या टीमला घरी बसवलंय, तुला माहितीये. तू नाही म्हणालीस तर तुझ्यासाठी मी कुठल्या तोंडानं भांडू?"

समताच्या मोबाइलमधलं ते शूटिंग कधीच पुसलं गेलं होतं. मोबाइलही तो राहिला नव्हता. कंपनीत तुकडे होते, ते काम संपल्यावर नियमाप्रमाणे काढून टाकले. आई आपल्या दोन पायांनी पळतेय असं आता जगात एकाच ठिकाणी, त्या फुलवालीत, उरलं होतं, आणि तेही तिनं तिच्याच हातांनी पुसायचं होतं. नाहीतर नोकरी जाणार होती. आईची औषधं, पुढेमागे बसवायचा नकली पाय, सगळं त्या नोकरीवर होतं.

रवी गेल्यावर ती बाजेवर येऊन बसली आणि आईला सगळं सांगून टाकलं.

"लोकायनं काय काय लिहिलं माह्याबद्दल?"

"तुह्याबद्दल नाही, आई. त्या म्हातारीबद्दल."

"ते अन् मी काय दोन बाया आहो? वाच."

"कायले आई..."

"पोट्टे माही नक्कल करून राह्यले. मले माहीत तं होऊ दे. वाच."

समतानं लॅपटॉप आणला. इंग्रजीतलं वाचून आईला मराठीत सांगू लागली. एकानं लिहिलं होतं, मी ही म्हातारी घेतो ती फक्त मित्रांना हसवायला. दुसऱ्यानं लिहिलं होतं, अख्ख्या खेळात हिच्याइतकं भिकार काम दुसरं नाही. तिसऱ्यानं लिहिलं होतं, हे बनवणाऱ्यांनी जिवंत माणूस पळताना कधी पाहिलेलंच दिसत नाही.

यावर सिंधूताईंना खरंच हसू आलं. "हे बराबर नाही. तू तं पाह्यलं होतं."

समतानं मान खाली घातली. पुढचं परीक्षण आलं तशी ती थांबली. हे तिनं आधी वाचलेलं होतं, आणि त्या दिवसापासून तिला धड झोप नव्हती.

"संपलं," ती म्हणाली.

"संपलं तं तुह्या आवाजाले काय झालं?"

"काही नाही."

"समता. वाच."

ते एका परदेशी वेबसाइटवरचं होतं. लिहिणाऱ्यानं खेळाला सगळ्यांत कमी गुण दिले होते. शेवटाकडे, बहुधा गमतीनंच, त्यानं लिहिलं होतं: लोक फुलवालीला हसतात, मी मात्र खेळभर तिच्याकडेच पाहत राहिलो. तिची डावी टाच एकदाही जमिनीला लागत नाही. त्या बाईच्या पायाला काहीतरी झालंय. हिला पळवण्याआधी कोणीतरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.

अंगणात शेजारची कोंबडी दाणे टिपत फिरत होती. सिंधूताईंनी हात हलवून तिला हुसकलं.

"कुठचा आहे तो?"

"माहीत नाही. लय दूरचा असन."

"त्याले दिसलं," सिंधूताई म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. बस आली, असं सांगावं तसं त्या म्हणाल्या. पण समताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला रडू फुटलं.

"मले दिसाले पाह्यजे होतं, आई. मी रोज तुह्या पायाकडंच पाह्यत होती. रोज."

"मी पट्टी लपवत होती, तुले कसं दिसन?"

"त्याले कसं दिसलं मंग?"

लेकीला खोटं समाधान देणं सिंधूताईंना कधी जमलं नव्हतं, तेव्हाही त्यांनी ते दिलं नाही. नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. फिनाइलच्या पाण्यानं उललेला तो हात इतक्या दिवसांच्या आरामानंतरही खरखरीतच होता.

"मंग आता काय करतं?"

"मी नाही बदलत. जाऊ दे नोकरी."

"अन् खाऊ काय?" सिंधूताई म्हणाल्या. "तू नाही केलं तं दुसरं कोणी करन. कोण कुठचं माणूस ते माह्या अंगाले हात लावन. त्याच्यापक्षा तूच कर. माह्यासमोर कर."

दुपारची जेवणं झाल्यावर समतानं लॅपटॉप बाजेवर ठेवला. पडद्यावर कपडे नसलेली, रंग नसलेली एक करडी बाहुली जागच्या जागी पळू लागली. गाव नाही, राक्षस नाही, नुसतं पळणं. आता तर ते आणखीनच आईचं वाटत होतं. समताचा हात पुढे होईना.

"टाच टेकव आंधी," सिंधूताई म्हणाल्या.

समतानं बाहुलीची टाच धरली आणि जमिनीपर्यंत खाली आणली. एका पावलाची, मग पुढच्या पावलाची. टाच टेकली तशी कंबर आपोआप सरळ व्हायला लागली, पडलेला खांदा वर आला.

"काख सोड तिची. डबा कुठी हाय आता तिच्यापाशी?"

समतानं उजवा हात मोकळा केला. तो पुढे-मागे झुलू लागला.

"मुठीतलं लुगडंही सोड. पायात येते असं नेसून कोण पळते? आखूड करा म्हण ते कंपनीवाल्याईले." मग बाहुलीच्या मानेकडे बोट करत, "मान वर घे. जीप गेली तं गेली."

समता सांगितलं तसं करत गेली. मधूनमधून तिचे डोळे भरायचे आणि पडदा दिसेनासा व्हायचा. तेवढा वेळ सिंधूताई थांबायच्या आणि मग पुढचं सांगायच्या. लेकीला वेणी घालताना सांगाव्या, इतक्या शांतपणे त्या सूचना देत होत्या. काखेतला डबा, मुठीतलं लुगडं, पायातली ठसठस, इतकी वर्षं सोबत वागवलेलं एकेक त्या उतरवून ठेवत होत्या.

उन्हं कलली तेव्हा काम झालं. समतानं पहिल्यापासून लावून दाखवलं. पडद्यावरची बाई ताठ मानेनं, दोन्ही हात मोकळे सोडून, भरल्या पावलांनी पळत होती. कोणी हसावं असं तिच्यात काही राहिलं नव्हतं.

सिंधूताईंनी पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"कोण आहे वं ही?"

"कोणी नाही, आई."

सिंधूताईंनी मान हलवली. उरलेल्या पायावरची वाकळ नीट केली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"चांगली पळते," त्या म्हणाल्या. "पाठव आता तिले."