उजवा खांदा

“आधी मालकाला विचार, बाळ, मगच घोड्याला हात लाव. लपवलेलं दुखणं आपल्या बोटांखाली चिडतं.” वडलांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी तबेल्यात पाऊल टाकलं की मालीशवालीच्या कानात तो आवाज घुमायचा.

तिने घोडीच्या म्हाताऱ्या मालकाला विचारलंही होतं, “काका, घोडी कधी पडली होती का?”

“छे गं! लोण्याचा गोळा आहे नुसता. हात घसरेल तुझा.”

तिने मानेपासून सुरुवात केली. घोडीने डोळे मिटले, खालचा ओठ सैल सोडला. पण बोटं उजव्या खांद्यावर आली मात्र, घोडी अंग चोरून भिंतीला चिकटली आणि थरथरू लागली.

मालीशवालीने हात काढून घेतले. “लोण्यात खडा आहे, काका. आत हाड दुखावलेलं असलं, तर माझ्या दाबण्याने ती कायमची लंगडी होईल. खरं सांगा, नाहीतर मी निघते.”

म्हातारा खुंटीकडे बघत राहिला. तिथे लहान मापाचं हेल्मेट टांगलेलं होतं, रोज पुसल्यासारखं लख्ख.

“पडली होती,” तो अखेर म्हणाला. “गेल्या वर्षी, कुंपणावरून उडी घेताना. नात होती पाठीवर. घोडी उठली, पोर नाही उठली.”

मालीशवालीने घोडीच्या मानेवर नुसताच तळवा ठेवला.

“पोर ‘दमले मी’ म्हणत होती गं. मीच म्हणालो, आणखी एकदा उडी मार. हे मी माझ्या लेकालाही सांगितलेलं नाही.”