नकाशातले दोन गोल

नणंदेसाठी घरामागे एक खोली बांधायची, एवढाच आमचा बेत होता. ताईंनी एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात ऐंशी जणींचा स्वयंपाक केला. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि नोकरीबरोबर मिळालेली खोली सहा महिन्यांत सोडायची होती. आम्ही म्हटलं, आमच्याकडे या. त्या म्हणाल्या, "येते, पण शेगडी माझी वेगळी. दुसरीच्या ओट्यापाशी उभी राहून 'मीठ कुठंय गं?' असं मी विचारणार नाही. जमत नसेल तर तिसऱ्या मजल्यावरची एक भाड्याची खोली मी पाहून ठेवलीय."

ताईंचे गुडघे मी पाहिलेत. तिसऱ्या मजल्यावर एकदा चढल्या की आठवडाभर काही त्या खाली उतरणार नाहीत.

नकाशा काढून घेतला. कुंपणापासून तीन मीटर जागा सोडली, छताची उंची बसवली, घरातून खोलीत जायला दार ठेवलं. बोट ठेवायला जागा नाही असा नकाशा. मंजुरीला दिला, तर पंधरा दिवसांनी तो परत आला. खोलीच्या कोपऱ्यात ओटा होता आणि ओट्यावर शेगडी म्हणून दोन एवढेएवढेसे गोल. त्या दोन्हींभोवती लाल पेन्सिलीनं एक मोठा गोल.

कार्यालयातल्या खिडकीमागच्या बाईंनी समजावलं. "तुमच्या भागात एका प्लॉटवर एकच घर चालतं. दुसरं स्वयंपाकघर आलं की आमच्या लेखी ते दुसरं घर. खोली बांधा, बाथरूम बांधा. शेगडी नको."

"म्हणजे तुम्ही माणसं मोजत नाही, शेगड्या मोजता?"

"शेगडी मोजायला सोपी असते, बाई. जागची हलत नाही."

घरी आल्यावर ह्यांनी तोडगा काढला. "ओटा पुसून टाकू आणि नकाशात 'अडगळीची खोली' लिहू. मंजुरी आली की शेगडी बसवू. सगळे तेच करतात."

फोनवर ताई कडाडल्या. "अरे, एकतीस वर्षं माझ्या कोठीची तपासणी झाली, एक दाणा कमी भरला नाही. आता साठीला टेकल्यावर, तपासायला कुणी आलं की शेगडी पलंगाखाली सारू? आणि मी कुठं बसू, अडगळीत?"

"तसं नाही गं, ताई..."

पण पलीकडून फोन ठेवलाही होता.

"घ्या," मी म्हटलं. "करायला गेलो एक."

त्या संध्याकाळी कांदा चिरता चिरता मी माझ्या स्वयंपाकघराकडे जरा परक्यासारखं पाहिलं. चोवीस वर्षं झाली. मी डावरी, म्हणून मिठाचा डबा शेगडीच्या डाव्या बाजूला. आल्यागेल्याला तो कधी सापडत नाही. घरातला सगळ्यात चांगला उजेड इथल्याच खिडकीतून येतो आणि तो पडतो खरकट्या भांड्यांवर. खरं सांगायचं तर स्वयंपाक मला कधी आवडलाच नाही. जागा आपली, शब्द आपला चालतो, म्हणून धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खिडकीसमोर उभी राहिले. "बाई, स्वयंपाकघर एकच हवं, हे कळलं. पण ते घरात कुठं असावं, हे कुठं लिहिलंय?"

बाईंनी जाड पुस्तक काढलं. बरीच पानं उलटली, शेजारच्या साहेबांना विचारलं, पुन्हा उलटली. "नाही हो. हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"मग नवा नकाशा आणते. मागची शेगडी राहील, माझी जाईल."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नीट विचार करा. परत हवी झाली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

ह्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "म्हणजे रोज ताईच्या हातचं?" आनंद लपवायचा त्यांनी निदान प्रयत्न तरी केला.

ताई मात्र अडून बसल्या. "तुझं स्वयंपाकघर बळकावायला येत नाहीये मी."

"बळकावताय कुठं? मीच तुमच्या गळ्यात मारतेय. मला स्वयंपाक आवडत नाही, ताई."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "जेवलेय मी तुझ्याकडे."

खोली झाली, ताई आल्या. पाहणीला आलेल्या माणसानं माझी शेगडी काढलेली पाहिली, गॅसची नळी बंद केलेली पाहिली, सही केली आणि गेला. ओट्यावर शेगडीच्या चार पायांचे डाग राहिले होते. घासले, निघाले नाहीत. मग खिडकीशी खुर्ची ओढून नुसतीच बसले. उजेड छान होता. करायला काही नव्हतं, आणि ते इतकं बोचेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी उठले आणि मागचं दार वाजवलं.

"उघडंच आहे!" आतून ताई ओरडल्या. "पाहुण्यासारखी वाजवतेस काय? ये, भाजीत मीठ घाल. माझे हात कांद्याचे आहेत."

"मीठ कुठंय?" अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात सवयीनं माझा डावा हात पुढं गेला आणि थेट डब्यावर पडला. उजवीकडे पाहिलं. तिथंही एक डबा.

ताईंनी कांद्यावरून मान वर केली नाही. "मिठाचे डबे दोन ठेवलेत," त्या म्हणाल्या. "बसतं ना गं नियमात?"